संसद उठते तेव्हा समिती बसते

‘लोकसभेचे कामकाज बेमुदत तहकूब’ ही बातमी आपण साधारणपणे वर्षातून तीनदा वाचतो. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी ही ओळ ठरलेली. ती वाचली की बहुतेकांची समजूत अशी होते की, आता खासदार मंडळी आपापल्या गावी परतली आणि दिल्लीतले दिवे मालवले गेले. सतराव्या लोकसभेच्या, म्हणजे २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत सभागृह २७४ दिवस बसले. सरासरी काढली तर वर्षाला पंचावन्न दिवसही भरत नाहीत. घटनेचे ८५ वे कलम एवढेच सांगते की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. मग उरलेल्या तीनशे दिवसांत मंत्रालयांना प्रश्न कोण विचारते? सरकार तर त्या तीनशे दिवसांतही खर्च करीतच असते.

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो इंदूरला. आमचे घर सीमाभागातले. घरात मराठी, गल्लीत कन्नड. पण मामांचे घर इंदूरच्या रामबागेत आहे आणि गेल्या सुटीत मी महिनाभर तिथे होते. होळकरांच्या त्या शहरात मराठी माणूस आणि राजकारणाच्या गप्पा यांची टंचाई कधीच नसते. मामांच्या ओसरीवर सुमित्राताई महाजनांचा विषय निघाला. माहेर चिपळूणचे, सासर इंदूरचे. १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरहून लोकसभेत निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. इंदूरला त्यांना नुसते ‘ताई’ म्हणतात. त्यांचे अध्यक्षपद सर्वांना ठाऊक होते. त्याआधी त्या ग्रामविकास खात्याच्या स्थायी समितीच्या सभापती होत्या, हे मात्र ओसरीवरच्या एकालाही आठवत नव्हते. आणि गंमत म्हणजे, त्याच समितीचा एक धागा माझ्या मामींच्या माहेरच्या शेतापर्यंत पोचलेला होता. त्या शेताकडे पुढे येते. आधी ही स्थायी समिती म्हणजे काय ते पाहू.

शब्दाने प्रथम फसायला होते. स्थायी समिती म्हटले की आपल्याला महानगरपालिका आठवते. महाराष्ट्रातल्या महापालिकांत सोळा सदस्यांची स्थायी समिती असते, तिच्या हाती ठेके मंजूर करण्याचा अधिकार असतो आणि म्हणून तिच्या सभापतिपदासाठी केवढी ओढाताण होते ते आपण वाचतोच. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीला विचारले, तर कन्नडमध्येही शब्द ‘स्थायी समिति’च. संसदेच्या स्थायी समितीला मात्र एक रुपयाचाही ठेका देता येत नाही. तिला कायदा करता येत नाही, खर्च मंजूर करता येत नाही, की कोणत्या अधिकाऱ्याची बदली करता येत नाही. तिला फक्त विचारता येते. आणि विचारले की मंत्रालयाला उत्तर द्यावे लागते.

आता थोडा इतिहास. सर्वात जुनी समिती म्हणजे लोकलेखा समिती. ती १९२१ साली इंग्रजांच्या अमदानीत आली, आणि तेव्हा तिचा अध्यक्ष खुद्द सरकारचा अर्थसदस्य असे. म्हणजे खजिनदाराने स्वतःच्या वह्या स्वतःच तपासायच्या! घटना लागू झाल्यावर १९५० साली ही समिती लोकसभेच्या (त्या वेळच्या हंगामी संसदेच्या) अध्यक्षांच्या अखत्यारीत आली. ते अध्यक्ष म्हणजे ग. वा. मावळंकर, मूळ रत्नागिरीकडच्या घराण्यातले. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचे असा संकेत पडला आणि मिनू मसानी हे असे पहिले अध्यक्ष झाले. मंत्री या समितीचा सदस्य होऊ शकत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल तिच्यापुढे येतात. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी लेखापरीक्षण म्हणून जे शिकतो, त्याचे हे राष्ट्रीय रूप समजा.

पण लेखापरीक्षण हे पैसा खर्च झाल्यावरचे. चालू कारभारावर, नव्या विधेयकांवर आणि येत्या वर्षाच्या मागण्यांवर लक्ष कोण ठेवणार? त्यासाठी खातेनिहाय स्थायी समित्या निघाल्या. १९८९ साली आधी तीन झाल्या. मग ८ एप्रिल १९९३ पासून सतरा झाल्या. त्या वेळी अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील होते. २००४ साली त्यांची संख्या चोवीस झाली. प्रत्येक समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. इथेही मंत्र्याला मज्जाव आहे. पक्षांना त्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात जागा मिळतात. मुदत एक वर्ष. मला ही मुदत फार तोकडी वाटते. एखाद्या खात्याचा हिशेब समजायलाच सहा महिने लागतात, तोवर समिती बदलण्याची वेळ जवळ येते.

काम कसे चालते? वर्षाच्या सुरुवातीला समिती आपले विषय निवडते. मंत्रालयाकडून टिपण मागवले जाते. त्यावरून लोकसभेच्या (किंवा काही समित्यांच्या बाबतीत राज्यसभेच्या) सचिवालयातले कर्मचारी प्रश्नांची यादी तयार करतात. हे सचिवालय सरकारचे खाते नव्हे; घटनेच्या ९८ व्या कलमाने ते स्वतंत्र आहे, आणि ही बाब महत्त्वाची, कारण प्रश्न काढणारा आणि उत्तर देणारा एकाच साहेबाच्या हाताखाली नसतो. मग एके दिवशी त्या खात्याचे सचिव आपल्या अधिकाऱ्यांसह साक्षीला येतात. मंत्र्यांना बोलावत नाहीत. शब्दन् शब्द टिपला जातो. तिथल्या तिथे जे सांगता आले नाही ते नंतर लेखी द्यावे लागते. देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल अशी कागदपत्रे सरकार नाकारू शकते. एरवी ‘पाहून सांगतो’ हे उत्तर इथे शेवटचे उत्तर ठरत नाही.

बैठकीची दारे बंद असतात. पत्रकार नाहीत, प्रेक्षक नाहीत, दूरदर्शनचे कॅमेरे नाहीत. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत साक्ष गुप्त. लोकशाहीत हे बंद दार कशाला, असे मलाही प्रथम वाटले. पण त्याची दुसरी बाजू आहे. समितीत पक्षाचा व्हिप चालत नाही, आणि समोर कॅमेरा नसला की घोषणा देऊन उपयोग नसतो. सभागृहात ज्यांची तोंडे दोन दिशांना असतात ते खासदार इथे एकाच टिपणावर मान घालून बसतात. ज्याला निष्कर्ष पटत नाही तो असहमतीची टिपणी जोडू शकतो, आणि ती अहवालाबरोबर छापली जाते. संसद बसलेली नसतानाही बैठका होतात. एवढेच नव्हे, अधिवेशन चालू नसेल तर समितीचा सभापती तयार अहवाल लोकसभाध्यक्षांच्या हाती देऊ शकतो. म्हणजे सभागृहाला टाळे असले तरी समितीचे काम अडून राहत नाही.

अर्थसंकल्पाच्या वेळी याचा खरा उपयोग दिसतो. अर्थसंकल्प मांडला, त्यावर सर्वसाधारण चर्चा झाली की दोन्ही सभागृहे काही आठवडे थांबतात. वर्तमानपत्रात याला ‘मध्यंतर’ म्हणतात, आणि वाचणाऱ्याला वाटते, घ्या, पुन्हा सुटी! वास्तविक ही सुटी समित्यांसाठीच ठेवलेली असते. प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या त्या त्या समितीकडे जातात. अंदाज किती होता, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवून सचिवांना विचारले जाते की गेल्या वर्षी दिलेला पैसा पडून का राहिला आणि या वर्षी आणखी कशासाठी हवा. समिती कपात सुचवू शकत नाही, फक्त अहवाल देते. पण हे तीन रकाने कुणीतरी नीट वाचणे किती आवश्यक आहे ते २०१८ साली दिसले. १४ मार्चला लोकसभेत गोंधळ चालू असताना सर्व मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर झाल्या. याला संसदेच्या भाषेत गिलोटीन म्हणतात. २०२३ सालीही तसेच झाले. अशा वर्षी त्या आकड्यांची जी काही उलटतपासणी होते ती समितीच्या खोलीतच.

आपल्या अभ्यासातले उदाहरण घ्यायचे तर संसद ही कंपनीची सर्वसाधारण सभा आणि समिती ही लेखापरीक्षण समिती, असे म्हणता येईल. सभेत भागधारक हात वर करून ठराव मंजूर करतात, पण ताळेबंदातली खोच कुणा दोघाचौघांनी आधी बसून शोधलेली असावी लागते. उपमा पूर्ण जुळत नाही, कारण कंपनीत लेखापरीक्षण समिती संचालकांमधूनच बनते आणि इथे मंत्र्यांना प्रवेशच नाही. तेवढ्यापुरती संसदेची व्यवस्था मला अधिक बरी वाटते.

आता मामींचे शेत. महूच्या बाजूला मामींच्या माहेरची काळी जमीन आहे. तिच्यातला एक पट्टा २०११ साली एका राष्ट्रीय महामार्गासाठी गेला आणि दुसरा २०१९ साली. तीच माती, तीच विहीर, बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे. पहिल्या वेळी मिळाली ती जमिनीची ठरवलेली किंमत. दुसऱ्या वेळी किमतीइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून मिळाली. मामी म्हणाल्या, “अगं, भावाला वाटलं साहेब चांगला भेटला.” साहेबाचा त्यात काही भाग नव्हता. मधल्या काळात कायदा बदलला होता.

त्याची हकीकत अशी. १८९४ चा भूसंपादन कायदा बदलण्यासाठी ७ सप्टेंबर २०११ रोजी लोकसभेत नवे विधेयक आले. ते ग्रामविकास समितीकडे गेले आणि तिच्या सभापती होत्या सुमित्रा महाजन, म्हणजे त्या वेळच्या विरोधी पक्षाच्या खासदार. समितीने आठ महिने त्यावर काम केले, अधिवेशन चालू असताना आणि नसतानाही, आणि १७ मे २०१२ रोजी अहवाल दिला. त्यात दोन मुद्दे ठळक होते. एक, खाजगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करू नये. दुसरा मुद्दा दिसायला रूक्ष पण पोटात मोठा. विधेयकाच्या शेवटी एक परिशिष्ट होते, आणि त्यात १६ जुने कायदे नोंदवून त्यांना नव्या कायद्यातून वगळले होते. रेल्वेचा कायदा त्यात, राष्ट्रीय महामार्गांचा त्यात. रस्ते आणि रेल्वे वगळल्यावर शेतकऱ्याच्या वाट्याला नव्या कायद्याचे उरले काय? समितीने या सवलतीलाच हरकत घेतली.

पहिली शिफारस सरकारने मानली नाही. खाजगी कंपन्यांसाठी संपादन राहिले, मात्र त्यासाठी ८० टक्के आणि सरकार व खाजगी भांडवल यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल असे कायद्यात आले. दुसऱ्या शिफारशीबाबत मधला मार्ग निघाला. वगळलेले कायदे १६ चे १३ झाले, आणि १०५ व्या कलमात अशी तरतूद झाली की या १३ कायद्यांखालच्या संपादनालाही नव्या कायद्याची भरपाई व पुनर्वसन एका वर्षाच्या आत लागू करावे. कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. नव्या हिशेबात बाजारभावाला ग्रामीण भागात राज्यागणिक १ ते २ चा गुणक लागतो आणि जी रक्कम येते तिच्यावर शंभर टक्के दिलासा. हे सारे एकट्या समितीमुळे झाले असे मी म्हणणार नाही; आंदोलने होती, न्यायालयांचे निकाल होते, निवडणूक तोंडावर होती. पण परिशिष्टातल्या त्या यादीवर बोट ठेवून अहवालात लिहून ठेवणारी मंडळी समितीतली होती.

यापुढचा भाग मला सर्वात उद्बोधक वाटतो. संसद बसलेली नसताना निर्णय घेण्याची ताकद शेवटी कुणाकडे असते, ते त्यात दिसते. घटनेच्या १२३ व्या कलमाप्रमाणे दोन्ही सभागृहे एकाच वेळी चालू नसतील तर राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ, अध्यादेश काढू शकतात. मावळंकरांनी फार पूर्वीच पंडित नेहरूंना पत्र लिहून अध्यादेशांच्या सवयीबद्दल नापसंती कळवली होती. ३१ डिसेंबर २०१४ रोजी, हिवाळी अधिवेशन संपल्यावर आठवड्याभरातच, भूसंपादनाचा अध्यादेश निघाला. पाच प्रकारच्या प्रकल्पांसाठी संमतीची अट आणि सामाजिक परिणामांची तपासणी यांतून सूट देण्याची सोय त्यात होती. (न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या १३ कायद्यांना नवी भरपाई लागू केली ती याच अध्यादेशाने.) दुरुस्ती विधेयक १० मार्च २०१५ रोजी लोकसभेत मंजूर झाले. अध्यक्षांच्या आसनावर त्या वेळी सुमित्राताईच होत्या. समितीच्या सभापती म्हणून ज्या कायद्याची चिरफाड केली, त्याचीच दुरुस्ती त्यांच्यापुढे आली. आणि अध्यक्षाला त्यावर मत मांडायचे नसते.

राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. अध्यादेशाची मुदत तर सरत आलेली. तेव्हा मार्चच्या अखेरीस, म्हणजे समित्या मागण्यांची तपासणी करतात त्या मध्यंतरातच, राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा निघाला. ३० मे रोजी तिसऱ्यांदा. तोवर विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते. तिला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच विधेयक आपोआप रद्द झाले. अध्यादेशही ३१ ऑगस्ट २०१५ रोजी संपला. पण त्याआधी तीन दिवस सरकारने एक आदेश काढून त्या १३ कायद्यांच्या भरपाईचा भाग तेवढा टिकवला. मामींच्या भावाला २०१९ साली जी दिलासा रक्कम मिळाली तिचे मूळ इथे आहे. आणि २०११ चा पट्टा? १९ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ ते २०१५ या काळातल्या महामार्गांच्या संपादनालाही दिलासा रक्कम व व्याज देय असल्याचा निकाल दिला. मामींच्या भावाला हे मी जाऊन सांगितले तेव्हा त्यांनी जुनी पेटी उघडली. आता अर्ज चालू आहे.

अधिवेशनांच्या मधल्या काळात कायदा करण्याचा अधिकार समितीलाच देणारे देशही आहेत. चीनमध्ये नॅशनल पीपल्स काँग्रेस या राष्ट्रीय प्रतिनिधी सभेचे जवळजवळ तीन हजार सदस्य वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, आठवडा-दोन आठवडे जमतात. उरलेले वर्ष सुमारे १७० जणांची स्थायी समिती साधारणपणे दर दोन महिन्यांनी बसते, आणि ती नुसती चौकशी करीत नाही. कायदे करते, दुरुस्त करते, घटनेचा अर्थही लावते. तीन हजारांची सभा समितीने केलेलेच बहुधा मान्य करते. तिथे समिती हीच एका परीने संसद झाली आहे. आपल्याकडे तसे नाही याचे मला समाधान वाटते. पण मग विचारण्याचा जो एकच अधिकार आपल्या समित्यांना आहे तो तरी पुरता वापरला जावा. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत अवघी १६ टक्के. विधेयक समितीकडे पाठवलेच पाहिजे असे बंधन नाही. २०२४ साली नवी लोकसभा जूनमध्ये आली, अर्थसंकल्प जुलैत आला, आणि खातेनिहाय समित्या नेमल्या गेल्या त्या २६ सप्टेंबरला. मागण्या तोवर मंजूर होऊन गेलेल्या होत्या.

ज्यांना हे अहवाल पाहायचे असतील त्यांना ते संसदेच्या संकेतस्थळावर हिंदीत व इंग्रजीत मिळतात. जाडजूड असतात, पहिल्या दिवशी झोप येते. माझी एक युक्ती सांगते. समितीने शिफारस केली की सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरांवर समिती पुन्हा एक कार्यवाही अहवाल काढते. लोकसभेच्या समित्यांच्या अशा अहवालात पाच प्रकरणे असतात. सरकारने काय मान्य केले ते दुसऱ्यात. उत्तर पाहून समितीने काय सोडून दिले ते तिसऱ्यात. आणि उत्तर पटले नाही म्हणून समितीने पुन्हा धरून बसावे असे काय आहे, ते चौथ्यात. चौथे आधी वाचावे. आपल्या ग्रंथालयाच्या संगणकावर दुपारी दोननंतर गर्दी नसते.